एवढा धागा जोडून आलोच

दादाला समजतं, हे डॉक्टरांच्याही आधी मला कळलं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला, "भावजी, या. गेले ते..." तेव्हाही आधी हेच मनात आलं की, आता ही गोष्ट माहीत असलेला मी एकटाच उरलो.

दत्तादादा माझा थोरला भाऊ. मोडनिंबहून आम्ही सोलापुरात आलो ते त्याला टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम मिळालं म्हणून. शाळेला सुट्टी लागली की मीही त्याच्याबरोबर कांड्यांवर सूत भरायला जायचो. मागांच्या त्या खडखडाटात कुणाचं काही ऐकू यायचं नाही, त्यामुळं तिथं सगळं बोलणं हातांनी आणि ओठांनी. अंगठा ओठाला लावला की चहा. मी लांबून तसं केलं की दादा एक बोट वर करायचा, म्हणजे थांब, एवढा धागा जोडून आलोच. चहा गार व्हायचा. "तुटका धागा मागं ठिवून आलं की चहा गोड लागत न्हाय बघ," म्हणायचा. त्याचे कान कधी गेले ते आमच्या ध्यानातही आलं नाही. त्याला बहिरा म्हणायचं तर निम्म्या गल्लीला म्हणावं लागलं असतं. घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे आणि दादा ओठांकडं बघून सगळं ओळखायचा. लग्नाच्या मांडवात पार तिकडच्या टोकाला बसलेल्या बायकांचं बोलणं तो वहिनीला सांगायचा, "ती बघ, तुझ्या नव्या लुगड्याला नावं ठेवायलीय." वहिनी त्याला कोपरानं ढोसायची.

अक्कलकोट रोडवर त्याच्या गाडीला टेम्पोनं उडवलं. डोक्याचं ऑपरेशन झालं, पुढं काही आठवड्यांनी त्यानं डोळे उघडले आणि आम्ही वॉर्डात पेढे वाटले. पण डॉक्टर त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगायचे, बोट हलवा, डोळे मिटा, आणि दादा छताकडं बघत राहायचा. शेवटी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "जागे आहेत, पण जाण नाही." घरात शिकलेला मी, कॉलेजात कारकून, त्यामुळं विचारणं-सांगणं सगळं माझ्याकडंच होतं. मी मान डोलावली. त्याचे कान गेलेत हे सांगायचं मला सुचलंच नाही.

घरी आणल्यावर वहिनी म्हणायची, "बघत्यात की ओ माझ्याकडं. मी हितनं तितं गेले की डोळं फिरत्यात." मी तिला समजावायचो की ते आपोआप होतं, त्यात काही नसतं. हातापायांचा व्यायाम करून घ्यायला एक जण यायचा, त्यालाही मीच बंद केलं. उगाच कशाला त्याचे हाल... एकदा पाहुणे आले होते. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून मी त्यांना म्हणालो, "असं पडून राहण्यापेक्षा सुटला असता तर बरं झालं असतं." पाहुण्यांनी माना हलवल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, वहिनी मला चहा देऊन नळावर गेली. मी कप उचलला आणि काही मनात नसताना, जुन्या सवयीनं, दादाकडं बघून अंगठा ओठाला लावला. चादरीवरून त्याचं बोट वर आलं. मी कप खाली ठेवला आणि पुन्हा अंगठा लावला. बोट पुन्हा उचललं गेलं, सावकाश, थरथरत. तिसऱ्यांदा काही झालं नाही, डोळे थकलेले दिसले. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो, आणि मला पायथ्याशी उभा राहून बोलणारा मी आठवलो. ते वाक्य बोलताना माझं तोंड त्याच्याकडं होतं.

वहिनी कळशी घेऊन आत आली. "चहा गार केला की भावजी."

"निघतो. काम आहे," मी म्हणालो.

योगायोग असेल, वहिनीला खोटी आशा कशाला लावायची, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं कारण वेगळं होतं. त्याला समजतं असं म्हटलं असतं, तर माझ्या ओठांवरचं त्यानं काय वाचलं हेही मान्य करावं लागलं असतं.

वर्ष असंच गेलं. मग पडून पडून पाठीला झालेल्या जखमांसाठी म्हणून एक तरुण डॉक्टरबाई घरी आल्या. त्यांनी सहज विचारलं, "यांना आधी नीट ऐकू यायचं का?" वहिनी म्हणाली, "मागावरच्या माणसाला कसलं ऐकू येतंय ओ." बाई थबकल्या. त्यांनी दादाला उशांना टेकवून बसवलं आणि समोर येऊन हातानं खूण करून बघितलं. पहिल्या दोन खेपांना काहीच नाही. नंतर एका सकाळी बोट हललं. त्या म्हणाल्या, जाण आहे, पण तुटक आहे, येते आणि जाते, एकदाच तपासून ती सापडत नाही. मग एक गोळी सुरू झाली, रोज बसवणं, व्यायाम, आणि समोर तोंड करूनच बोलायचं. 'होय'साठी बोट ठरलं. वहिनीनं विचारलं, "मी तुमची बायकू न्हवं का?" बराच वेळ गेला, मग बोट वर आलं. "इतका इचार करायला लागतोय व्हय," म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. पण तोवर कोपरं, मनगटं आखडून गेली होती. "थोडं आधी कळलं असतं तर एवढी आखडली नसती," बाई म्हणाल्या. वहिनी म्हणाली, "आमाला तरी काय ठावं..." मी खिडकीबाहेर बघत होतो.

त्यानंतर मी जायचो, बसायचो, पण त्याच्याशी बोलताना मान फिरवायचो. तू ते वाचलंस का, एवढंच विचारायचं होतं. त्याच्यापाशी उत्तराला बोट होतं. मी विचारलं नाही. या हिवाळ्यात छातीत कफ झाला, ताप उतरेना, आणि तो गेला.

खाट अजून तिथंच आहे. मी गेलो की वहिनी चहा आणते आणि कप हातात घेतला की माझी नजर त्या चादरीकडं जाते. त्या दुपारी त्याचं बोट म्हणत होतं, थांब, आलोच. तो येत होता. मी उठून निघून गेलो.

वहिनीला वाचता येत नाही. हे छापून आलं की पुतणी, दादाची लेक, तिला वाचून दाखवेल. त्याआधी मला तिच्यापुढं बसून, तोंड तिच्याकडं करून, हे सगळं सांगायचं आहे. तेवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.