आमच्या ओट्यावरचं व्हिएतनाम

लग्न जमवायला सासरे श्रीरामपूरला आले तेव्हा त्यांनी मला पुरणपोळी येते का विचारलं नाही, चालून दाखव म्हटलं नाही. मी मॅट्रिक झालेली आहे हे ऐकल्यावर एकच प्रश्न विचारला, "पेपर घडाघडा वाचती का?" माझे वडील भारावून गेले. कर्जत तालुक्याच्या कोरडवाहू गावात एवढा सुधारलेला माणूस! सुधारणा वगैरे काही नव्हती. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि व्हिएतनामात काल काय झालं ते कळल्याशिवाय त्यांना भाकरी गोड लागत नव्हती. त्यांना सून नको होती, वाचणारी हवी होती. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, दूर साखर कारखान्यावर नोकरीला असे आणि सणावारी घरी येई, त्यामुळे माझा खरा संसार पेपराशीच सुरू झाला.

त्या काळी आमच्याकडे सुनेनं सासऱ्यांसमोर बसायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही अशी रीत होती. पण पेपर वाचणं म्हणजे बोलणं नव्हे, असा निकाल सासऱ्यांनी स्वतःच दिलेला. सकाळची एसटी आदल्या दिवशीचा पेपर टाकून गेली की मी उंबऱ्याच्या आत, कवाडाला पाठ लावून, डोक्यावर पदर घेऊन बसायची आणि खणखणीत आवाजात बॉम्ब टाकायची. सासरे बाहेर ओट्यावर घोंगडीवर. "सायगाव कंच्या अंगाला आलं?" असं त्यांनी विचारलं की मी चुलीकडे तोंड करून म्हणायची, "आत्याबाई, मामांना सांगा, नकाशा छापलेला नाही." चुलीपाशी बसलेल्या सासूबाई काही सांगत नसत. मामांना ऐकू गेलेलंच असे.

सासऱ्यांना युद्धातलं कळतं हे गावानं मान्य केलं होतं. तरुणपणी ते नगरच्या छावणीत लष्कराच्या खेचरांना चारा टाकायच्या कामावर होते. तेवढ्यावर त्यांनी आयुष्यभर सेनापतिपद चालवलं. "आमी छावनीत हुतो तवा," अशी त्यांची सुरुवात असे, आणि त्यानंतर कुणाची काही बोलायची टाप नसे.

फक्त एक माणूस बोलायचा. समोर, बोळाच्या पलीकडच्या ओट्यावर, माझे चुलत सासरे. दोघे सख्खे चुलतभाऊ, एकाच आजाचे नातू, आणि कित्येक वर्षं एकमेकांशी शब्द नाही. कारण बांधाचं होतं, पण नेमकं काय हे दोघांनाही धड सांगता यायचं नाही. चुलत सासरे स्वतः पेपर घेत नसत. भिंतीकडे तोंड करून दोर वळत बसायचे आणि माझा शब्दन् शब्द ऐकायचे. मत द्यायचं झालं तर दारातल्या शेळीला द्यायचे. "ऐकलं का गं," ते शेळीला म्हणायचे, "एवढाली इमानं, एवढाले बॉम्ब, आन् उघड्या पायाची मानसं आवरना झाल्यात!" शेळी कान हलवायची. इकडे सासऱ्यांचं डोकं तापायचं.

चुलत सासरे व्हिएतनामच्या बाजूचे होते, म्हणून आमचे सासरे अमेरिकेचे. याहून खोल राजकारण त्यात शोधू नये. गावानंही दोन्ही घरांना तीच नावं देऊन टाकली होती. पिठाच्या गिरणीत बायका मला विचारायच्या, "अमेरिकेचं दळान कवा टाकलं?"

अमेरिकेची बाजू घेणं तेव्हा सोपं नव्हतं. मी आले त्याच वर्षी बांगलादेशाची लढाई झाली आणि अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं. ती बातमी मी वाचली. समोरून चुलत सासरे शेळीला म्हणाले, "इचार गं त्यास्नी, पावन्यांच्या जेवनाची सोय ओट्यावर करायची का वसरीत?" सासरे बराच वेळ मिशी चावत राहिले. मग म्हणाले, "ते येगळं प्रकरन हाय. डावपेचात आसं करावं लागतं." डावपेच हा शब्द त्यांना चुन्यासारखा कुठंही लावता यायचा. पुढं अमेरिकेचा अध्यक्ष चीनला जाऊन हातात हात घालून आला. ज्या चीनला सासऱ्यांनी दहा वर्षं शिव्या घातल्या होत्या तो एका सकाळीत मित्रपक्षात जमा झाला. हाही डावपेचच होता.

मग पावसानं तोंड फिरवलं. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याबद्दल काही सांगायला नको. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली. तिला सगळे मिलो म्हणायचे. तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडकायची. आता सासऱ्यांची पाळी होती. ते समोर न बघता मोठ्यानं म्हणायचे, "खावा, खावा! ज्याच्या नावानं बोटं मोडायची त्याचीच भाकर खावा!" त्यांच्या ताटातही तीच होती आणि ती त्यांनाही गिळवत नव्हती. पण समोरच्याच्या घशात अडकतेय या समाधानावर ते जेवून उठायचे.

हसू यायचं मला, खोटं कशाला बोलू? पण माझ्या सासूबाईंना येत नव्हतं. त्यांची लिंबांची बाग होती.

आमच्या भागात लिंबू चांगलं येतं. विहिरीलगतच्या तुकड्यात सासूबाईंनी स्वतः रोपं लावली होती. सासरे छावणीच्या गोष्टी सांगत असताना त्यांनी घागरी वाहून ती जगवली होती. झाडं नुकती कुठं भरभरून धरू लागली होती. त्या घरात सासूबाईंचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. दागिने कधीच मोडले गेले होते. त्या बागेत गेल्या की त्यांचा चेहरा बदलायचा, आवाजसुद्धा.

विहीर मात्र सामाईक होती, दोन्ही घरांची. पाणी उपसायचं इंजिनही सामाईक. भांडणामुळे दोघांनी त्याचीही वाटणी केली होती. चालू करायचं हँडल आमच्या कोनाड्यात आणि पट्टा त्यांच्या खुंटीला. पाळी असेल त्यानं समोरून दुसरी वस्तू मागवून घ्यायची, न बोलता, गड्याकरवी. ही व्यवस्था सासऱ्यांना फार आवडायची. दोघांकडे निम्मं निम्मं हत्यार असलं की शांतता राहते, असं त्यांचं म्हणणं होतं.

दिवाळीच्या सुमाराला विहिरीत तळाशी हातभर पाणी उरलं. खोल घेतली तरच बाग उन्हाळा काढणार होती. सासूबाईंनी खटपट करून वडारांची एक टोळी गाठली. सुरुंग, पहारी, दगड वर ओढायची यारी सगळं घेऊन ते लोक विहिरीच्या कडेला पालं टाकून बसले. दोन्ही घरांची संमती होती. पाणी दोघांनाही हवं होतं. आता फक्त काम सुरू करायचं, तेवढ्यात प्रश्न निघाला की खालून निघालेले दगड आणि मुरूम टाकायचा कुणाच्या रानात?

मी तेव्हा पॅरिसच्या वाटाघाटी वाचत होते. सासऱ्यांना जुनी एक गोष्ट सांगायची फार हौस. तिथं पहिल्यांदा बसताना टेबल गोल असावं की चौकोनी, यावरच आठवड्यामागून आठवडे गेले होते म्हणे. ते पोट धरून हसायचे. "अरं, तिकडं मानसं मरायलीत आन् हे टेबल मोजायलेत!" हे सांगत असताना मागं विहिरीवर वडार विड्या ओढत बसलेले असायचे.

एक दिवस सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "पोरी, त्या पेपरात आपल्या उपेगाचं कायबी नसतं का गं?"

 दुसऱ्या दिवशी मी पेपर उघडला आणि पॅरिसची बातमी वाचता वाचता मध्येच, आवाज जराही न बदलता, माझ्या मनचं वाचलं. तटस्थ देशांच्या पंचांनी असं सुचवलं आहे की बॉम्बमुळे पडलेला राडारोडा दोन्ही पक्षांनी निम्मा निम्मा आपापल्या हद्दीत घ्यावा, आणि दोन्ही पक्षांनी हे उदार मनाने मान्य केलं आहे.

 समोर दोर वळायचा थांबला.

"व्हय," सासरे सावकाश म्हणाले, "ह्यो तोडगा वाईट न्हाई."

चुलत सासरे शेळीला म्हणाले, "अमेरिका मानती तर आपल्याला काय धाड भरलीय?"

मला इतका आनंद झाला की पुढचे कापसाचे बाजारभावही मी गाण्यासारखे वाचले. माझ्या एका खोट्या बातमीनं जे केलं ते सगळ्या खऱ्या बातम्यांना जमलं नव्हतं. दुपारी दोघेही विहिरीवर गेले. दोघांच्या मध्ये वडारांचा नाईक उभा. निम्मा इकडं, निम्मा तिकडं, ठरलं. वडारानं पहार उचलली आणि सरळ मनानं विचारलं, "मालक, पयली पाटी कुन्या बाजूला टाकायची?"

तिथं सगळं फिसकटलं. पहिली पाटी ज्याच्या रानात पडेल तो हरला, हे दोघांनाही त्याच क्षणी कळलं. दोघांनी एकमेकांशी चकार शब्द न बोलता ते कळून घेतलं, इतके ते सख्खे होते. सासरे म्हणाले, "पयली तिकडं." चुलत सासरे आकाशाकडे बघत म्हणाले, "पयली तिकडं." एकाच वेळी दोन पाट्या टाका, असं नाईकानं सुचवलं. तर आधी कुणाची उपडी होईल यावर वाद. मग पंच बोलवायचे ठरलं. मग पंच कुठल्या वाडीचे यावर. दोघेही संध्याकाळी ताठ मानेनं घरी आले. पहार जिथल्या तिथं.

पुढं आठवड्यामागून आठवडे गेले. पॅरिसहून तह झालाच, आता झालाच अशा बातम्या येत, तेव्हा इकडेही निरोप जात. तिकडे बोलणी मोडली की इकडेही मोडत. डिसेंबरात अमेरिकेनं पुन्हा हनोईवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. मी ते वाचलं आणि सासरे घोंगडीवरून उठून उभेच राहिले. "बघा! आसं दाबलं म्हंजी समोरचा वाकतो." त्या दिवशी चुलत सासऱ्यांचा गडी हँडल मागायला आला तर त्याला हात हलवत परत पाठवलं. तासाभरात निरोप आला, पट्टाही मिळणार नाही. विहिरीत तळाला पाणी होतं, बाजूला इंजिन होतं, दोन्ही घरांत निम्मं निम्मं हत्यार होतं आणि झाडं माना टाकत होती.

सासूबाई दोरानं बादली ओढून पाणी घालत होत्या. मी हाताखाली होते. एक बादली वर यायची ती अर्धी गाळाची. मी एकदा चिडून म्हणाले, "आत्याबाई, मामांना सांगा तरी!" त्या म्हणाल्या, "त्यास्नी पेपरातलं ऐकू येतं फकस्त." मला सासऱ्यांचा त्या वेळी इतका राग आला होता की समोर यायची रीत नव्हती हे बरंच झालं. वडार कंटाळून सरकारी पाझर तलावाच्या कामावर निघून गेले. लिंबाची पानं आधी पिवळी पडली, मग गळाली, मग फांद्या वाजू लागल्या.

जानेवारी संपता संपता ती मोठी बातमी आली. पॅरिसला तह झाला, सह्या झाल्या. मी वाचून संपवलं आणि कधी न घडलेलं घडलं. चुलत सासरे उठले, बोळ ओलांडून आले आणि आमच्या ओट्यावर बसले. सासऱ्यांनी घोंगडी सरकवून जागा करून दिली.

"जिकलो आमी," चुलत सासरे म्हणाले. "अमेरिका गाशा गुंडाळून चालली."

"आब्रूनं चाललीय," सासरे म्हणाले. "जिकलो ते आमी."

दोघेही जिंकलेले असल्यामुळे दोघेही एकदम दिलदार झाले. सासरे म्हणाले, सगळा मुरूम माझ्याच रानात टाक. चुलत सासरे म्हणाले, छ्या, असं कसं, माझ्याच. पहिली पाटी आपल्याकडं घेण्यावरून भांडण होतंय की काय असं वाटावं इतकं प्रेम आलं. हँडल आणि पट्टा एकाच जागी ठेवायचं ठरलं. सासऱ्यांनी आत हाक दिली, "चहा टाक म्हनावं. जनावरं चारा-छावनीत गेल्यात, दूध न्हाई, तर कोराच टाक. वर लिंबू पिळ, आपल्या बागंतलं!"

 मग सासूबाई दोन कप घेऊन उंबरा ओलांडून बाहेर आल्या. दीर बसलेला असताना त्या ओट्यावर आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर होता आणि हातांवर काट्यांचे ओरखडे. त्यांनी कप दोघांच्या मध्ये ठेवले.

सासऱ्यांनी एक घोट घेतला. "लिंबू कुठंय?"

"बाग वाळली. सकाळी सगळी तोडून आनली," सासूबाई म्हणाल्या. "तिच्याच सरपनावर उकाळलाय. प्या."

चुलत सासऱ्यांनी कप उचललाच नाही. सासऱ्यांनी मात्र आपला हळूहळू संपवला, खाली ठेवला, आणि कुणाकडे न बघता मला म्हणाले, "पुढं वाच, पोरी."

मी पेपर तिथंच उंबऱ्यावर ठेवला आणि सासूबाईंच्या मागोमाग आत गेले.