पगारातल्या साड्या

दोंडाईचा स्टेशनावर आम्हाला गाडीत बसवून द्यायला निम्मी गल्ली आली होती. मला वाटलं, माझ्यासाठी आलेत. कसलं काय! रडत होती एकटी माझी आई, बाकी सगळे माझ्या नवऱ्याभोवती कोंडाळं करून एकच विचारत होते, "रम्या, खरं सांग, कबड्डी खेळाना पगार देतस का?" आणि हे महाशय मान डोलावून नुसते हसत होते. नव्वदीची सुरुवात होती, लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. नंदुरबारच्या स्पर्धेत सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका कापड मिलच्या मॅनेजरनं ह्यांना पाहिलं आणि मिलच्या टीममध्ये वर्षाच्या करारावर घेतलं. गावात कुणाचा विश्वास बसेना. खरं सांगायचं तर माझाही नव्हता. गाडी हलली तशी आई खिडकीला धरून म्हणाली, "रडत जाऊ नको वं, तठल्या बाया म्हनतीन, नवरा मारस." मी तिथंच डोळे पुसले आणि नवापूर येईपर्यंत उगाच हसरं तोंड करून बसले.

उधन्याला उतरलो, डिंडोलीत रूम मिळाली. आता परमुलूख सुरू होणार म्हणून मी पदर खोचून तयार होते, तर दुधवाला शिरपूरचा, किराणावाला साक्रीचा आणि शेजारीण सिंधूबाई शहाद्याकडची! पहिल्याच दिवशी ती कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन दारात हजर. "घर सोडं नई तू, घरच आठे वनं," घरच इथं आलंय, असं म्हणून ती खो खो हसली. सासरी तीन जावांत मी धाकटी होते. माझं असं तिथं एक शिंकंसुद्धा नव्हतं. इथं दहा बाय दहाची का होईना, खोली होती, तिला दार होतं, आणि त्या दाराची कडी मी आतून लावू शकत होते. जावांनो, रागावू नका, पण ती कडी लावून मी पहिल्यांदा एकटी बसले तेव्हा मला काय वाटलं ते तुम्हालाही कळेल.

मिल पहिल्यांदा पाहिली दसऱ्याला. पूजेसाठी खेळाडूंच्या घरच्यांना आत नेलं होतं. नारळ फुटला आणि बंद मशीनं एकदम सुरू झाली. बाई गं! एका टोकानं कोरं पांढरं कापड आत जात होतं आणि दुसऱ्या टोकानं रंगीबेरंगी होऊन, वाफा सोडत, बदाबदा बाहेर पडत होतं. थांबतच नव्हतं. आपल्याकडे घरात एक नवं लुगडं आलं तर आठवडाभर बायका बघायला येतात, आणि इथं आख्ख्या गावाला वेढे घालावेत एवढं कापड एका चहाच्या वेळात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी हातातला प्रसाद खायची विसरले. मिलमागची खाडीसुद्धा आज गुलाबी तर उद्या हिरवी. तिचा वास नाकात बसला की जेवण जात नसे, हेही सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल मंगल नुसतं सुरतेचं कौतुक सांगते.

पण खरी थक्क झाले ती मैदानावर. रविवारी दुपारी मिलमिलच्या टीमा खेळायच्या आणि पांडेसरा, डिंडोली, उधना सगळं लोटायचं. भिंतींवर माणसं, ट्रकच्या टपांवर माणसं, आणि सगळे आपल्या अहिराणीत ओरडणारे. ह्यांची चढाई मी तिथं पहिल्यांदा पाहिली. गावात बायकांना कोण नेतं सामने बघायला? समोर सात दांडगे गडी हात धरून उभे, आणि हा काडीसारखा माणूस एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत त्यांच्यात शिरला. कुणी पाय धरला, कुणी कंबर. त्या ढिगाऱ्यातून ह्यांचा नुसता हात बाहेर आला आणि मधल्या रेषेला लागला. मैदान असं गर्जलं की मी कानांवर हात ठेवले. घरी वरण पातळ झालं म्हणून तोंड वाकडं करणारा तो हाच का माणूस? त्या दिवशी घरी आल्यावर मला त्यांच्याकडे बघायचीच लाज वाटायला लागली. आणि हो, वरण घट्ट केलं.

असं दोन वर्षं चाललं. दर दिवाळीनंतर नवा करार व्हायचा. मिलवाल्यांत खेळाडू पळवायची चढाओढ लागली होती. कुणी स्कूटर देऊन पकडीचा गडी नेला, कुणी भावाला नोकरी देऊन चढाईचा. हे मात्र कुठं गेले नाहीत. त्यांचं एकच पालुपद होतं, "मी खेळायला आलोय, हमाली करायला नाही. ज्या दिवशी करार गेला त्या दिवशीची गाडी पकडायची आणि गावाला जायचं." ते हे सहज म्हणत. मला मात्र परत जायचं नव्हतं. धाकटी जाऊ म्हणून तर मुळीच नाही.

शेवटी त्या चढाओढीला शेठ लोकच कंटाळले. सगळे एकत्र बसले आणि ठरवलं की एका टीमच्या सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार ठरलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. रोख असो, भाडं असो, वस्तू असो, सगळं त्यात धरायचं. जो मोडेल त्याची टीम स्पर्धेतून बाद आणि टीमचे करारही बाद. ह्याला सगळे 'लिमिट' म्हणत. आणि नेमका त्याच साली आमच्या मिलनं हरियाणाचा एक धिप्पाड गडी आणला. लिमिटमधला मोठा घास तो एकटाच खायचा. उरलेल्यात बाकीच्यांना कोंबायचं होतं.

एके दिवशी मॅनेजर कांतीभाई आमच्या रूमवर आले. चहा घेतला, पण नजर देईनात. म्हणाले, रमेशचा पगार यंदापासून निम्मा होईल. मग आवाज उतरवून म्हणाले, उरलेल्या निम्म्याच्या साड्या देतो. सेकंडचा माल आहे, छापा जरा सरकलेला, पण साडी उत्तम. कागदावर काही येणार नाही. "पगार तो पगार, साडी तो साडी, बेन!" हे असे भडकले की कप आपटला. "मी काय भांडीवाली शे का, साड्या लेवाले?" म्हणे. कांतीभाई गेल्यावर त्यांनी ट्रंक ओढून काढली आणि कपडे भरायला घेतले. मी ट्रंकेवर जाऊन बसले. म्हटलं, "चढाई तुम्ही करा. साड्यांचं मी बघते." त्यांनी ट्रंक माझ्यासकट ओढून पाहिली. मी बसले ती उठले नाही.

गठ्ठे आले तेव्हा रूममध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. लिंबाच्या रंगावर जांभळी कोयरी, सगळ्या एकाच छापाच्या! मी एक नेसून पाहिली. कोयरी सरकलेली दिसत होती खरी, पण ती बाजू निऱ्यांत घातली की ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मग काय, सिंधूबाईला नेसवून दाखवली, तिनं तिच्या भाचीला दाखवली, आणि बघता बघता डिंडोलीतल्या बाया माझ्या दारात रांग लावून उभ्या. मी प्रत्येकीला निऱ्या कशा घालायच्या ते शिकवायची आणि मगच साडी द्यायची. संक्रांतीपर्यंत शेवटचा गठ्ठासुद्धा गेला. मला स्वतःचंच नवल वाटलं. ज्या बाईनं गावात कधी मेथीची जुडी विकली नाही, तिनं मिलचा आख्खा लॉट उडवला होता.

आणि इथंच माती खाल्ली. आमची टीम फायनलला पोचली. सिंधूबाईनं फर्मान काढलं, "टीमले ड्रेस शे, मंग आपलेबी ड्रेस पाहिजे!" बायांनी उचलून धरलं. मीही टाळ्या पिटल्या. ह्यात धोका आहे हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. फायनलच्या दुपारी मैदानाची एक बाजू अशी फुलली की काय सांगू! लहान-थोर, सगळ्या लिंबाच्या रंगात, सगळ्यांच्या अंगावर जांभळी कोयरी. मी आ वासून बघत होते. ही सगळी माझी गिऱ्हाइकं!

समोर व्यासपीठावर सगळ्या मिलांचे शेठ बसले होते. सुरतेचा शेठ माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतो, आधी अंगावरच्या कापडाकडे. दुसऱ्या मिलचे एक जाड चष्म्याचे शेठ उठून उभे राहिले आणि आमच्याकडे बोट करून ओरडले, "आ माल तो बजार मां आव्योज नथी!" हा माल बाजारात आलेलाच नाही, मग इतक्या बायांच्या अंगावर आला कुठून? खेळाडूंना पगाराऐवजी दिला असेल, तर लिमिट मोडलं. सामना थांबला. सगळ्यांनी कांतीभाईंकडे पाहिलं. ते घामानं थबथबले होते. तोंडातल्या तोंडात म्हणाले, "चोरी थई हशे." म्हणे चोरी झाली असेल! आणि त्यांची नजर मैदानावर गेली, नेमकी माझ्या नवऱ्यावर.

हे रेषेपाशी उभे होते. गप्प राहिले तर चोर ठरणार, आणि बोलले तर टीम बुडणार, हे त्यांना कळत होतं. मला तर पुढचं सगळं दिसत होतं. करार जाणार, गाडी येणार, आणि माझी कडी लावायची खोली जाणार. तरी माझ्या माणसाला कुणी चोर म्हणावं? मी दोर ओलांडून पुढं गेले आणि ओरडले, "चोरीन्या नहीत शेठ, पगारमा येल शेतस!" भीतीनं अहिराणीच तोंडातून निघाली. पण चोरी आणि पगार हे दोन शब्द सुरतेत सगळ्यांना समजतात.

मला वाटलं, आता बाया मला फाडून खाणार, ह्यांची टीम मीच बुडवली. तेवढ्यात मागून सिंधूबाई आली, सगळ्यांसमोर स्वतःची निरी धरून उलटी केली आणि म्हणाली, "हाई देखा शेठ, छापा सरकेल शे. असा माल चोरस का कोनी?" पहिलं हसू ट्रकच्या टपावरून आलं, मग सगळीकडून. आणि मी वळून पाहिलं तर ती सगळी लिंबाची रांग उभी राहिली होती. एकही बाई बसलेली नव्हती.

नियम तो नियम. आमची टीम बाद झाली, करार तिथंच संपले. कप उचलून नेला, शेठ मोटारीत बसून गेले, कांतीभाई दिसेनासे झाले. पण माणसं हलेनात. मग समोरच्या टीमचा कॅप्टन एकटा मैदानात आला, मातीला हात लावला आणि आमच्या पोरांना हातानं या म्हणाला. कप नाही, करार नाही, पंचांची शिट्टीसुद्धा नाही. तरी ते खेळले. त्या दुपारी ह्यांनी जी चढाई केली तशी पुन्हा कधी पाहिली नाही. त्यांना त्या दिवशी खेळायचा पगार कुणीही देत नव्हतं. कोण जिंकलं हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी रडत होते.

संपल्यावर ते माझ्याकडे आले. कोपर सोललेलं, अंगभर माती. मी आधीच म्हणून टाकलं, "उद्याची गाडी?" त्यांनी माझ्या मागं पाहिलं. बाया पदरानं वारा घेत, कोयरीचा छापा कुणाचा जास्त सरकलाय ह्यावर भांडत होत्या, आणि एकजण मला विचारत होती, पुढचा लॉट कोणत्या रंगाचा. ह्यांनी सगळ्यांदेखत माझ्या पदराला तोंड पुसलं. अगं माय! सासरी असं केलं असतं तर महिनाभर बोलायला पुरलं असतं. आणि म्हणाले, "रिक्षा देख. डिंडोली."

पुढच्याच आठवड्यात ते दुसऱ्या मिलमध्ये रंगाच्या खात्यात लागले. मी साड्या विकते, आता चांगल्या मालाच्याही. माझी पोरं गुजरातीत भांडतात आणि मी अहिराणीत बोलले की हिंदीत उत्तर देतात. आखाजीच्या सणाला मी गावी येते, तुमच्यासोबत झोक्यावर बसते, गाणी म्हणते, आणि तिसऱ्या दिवशी गाडीची वेळ विचारते तेव्हा तुम्ही रुसता. म्हणता, सुरतेनं काय जादू केली गं तुझ्यावर? जादू वगैरे काही नाही. भरल्या मैदानात माझ्या तोंडून टीम बुडाली, आणि माझ्या शेजारची एकही बाई माझ्यापासून सरकून उभी राहिली नाही. अशी जागा सोडून माणूस कुठं जाईल?