डायलिसिसच्या खोलीत परग्रह

दवाखान्यात नोकरी आहे म्हटलं की लोक दुःखाच्या गोष्टी मागतात. माझ्याकडं निघतात भलत्याच! साताऱ्यातल्या एका डायलिसिस सेंटरला मी टेक्निशियन आहे. तीच माणसं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडलेली. उठून जायची सोय नाही. किस्से साठणार नाहीत तर काय होईल?

सकाळच्या पाळीला तिघं. औंधच्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळे बाई म्हणतात. जतचे बिरूअण्णा, जन्म मेंढरांमागं गेला, आता साताऱ्यात लेकीकडं असतात. आणि मेढ्याकडचे सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले.

सुभेदारांना बायकोची किडनी जुळत होती. तपासण्या झाल्या होत्या, डॉक्टर तयार होते, आणि त्या, आमच्या काकू, तर कधीच्याच तयार. अडलं होतं सुभेदारांच्या एका सहीपाशी. “जन्मभर तिला गावात एकटी ठिवली. आता अंगातलं बी काढून घ्यू व्हय?” एवढं बोलून ते तोंड भिंतीकडं करायचे. त्यांची तब्येत महिन्या-महिन्याला उतरत होती, आणि काकू बाहेरच्या बाकावर बसून असायच्या.

अशात बाईंनी एक जाडजूड पुस्तक आणलं. जगभरात बक्षिसं मिळालेल्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा, मराठीत आणलेल्या. डावा हात मशीनला, उजव्या हातात पुस्तक. आवाज अजून वर्गातलाच, त्यामुळं बाहेर काकूंनाही सगळं ऐकू जायचं.

* * *

पहिल्याच कथेत परग्रहावरचं यान एका शहराच्या मधोमध उतरलं. लोकांची पळापळ, सरकार हतबल. बाईंनी अगदी रंगवून वाचलं.

सुभेदारांनी मान वळवली. “गार्डवर कोण हुतं?”

“गोष्टीत तसं काही दिलेलं नाही हो.”

“मग बक्षीस कशाला दिलं?”

* * *

दुसरी कथा एका कोरड्या ग्रहावरची. तिथं माणसाला दिवसाला मोजून पाणी मिळतं, आणि चोरून घोटभर जास्त प्यालं की शिक्षा. आमच्या पेशंटनाही पाणी मोजूनच. जास्त प्याले की वजनकाट्यावर कळतं आणि माझी बोलणी खावी लागतात.

बाई वाचून थांबल्या. “कशी कल्पना आहे बघा!”

बिरूअण्णा माझ्याकडं बोट करून म्हणाले, “कल्पना कसली? लहानपनी जतला ट्यांकरमागं पळालो, म्हातारपनी हितं ह्यो वाटीनं मोजतोय. ग्रह बदलला, पानी काय मिळालं न्हाई!”

* * *

मग एका यंत्रमानवाची कथा झाली. तो एका म्हातारीची सेवा करतो आणि ती गेल्यावर रडतो. “यंत्राला जीव असतो का?” बाईंनी विचारलं. अण्णांनी शेजारच्या मशीनकडं मान वळवली.

पुढच्या वेळी ते आले आणि मी अडवायच्या आत आपल्या तीन नंबरच्या मशीनला चिमूटभर भंडारा लावून हात जोडते झाले. हेडसिस्टर धावत आल्या. “अहो आजोबा, इन्फेक्शन होईल!”

“तिला कशानं व्हतंय? सगळ्या लशी मलाच टोचल्यात की!”

मी स्पिरिटचा बोळा घेऊन मशीन पुसून काढलं. अण्णा ते चार तास माझ्याशी बोलले नाहीत.

* * *

एकदा कथा ऐन भरात होती. अंतराळात एका पोरीचं यान फुटलेलं, हवा संपत आलेली. तेवढ्यात बाईंचं बीपी पडलं. पुस्तक घसरलं, डोळे मिटले. आम्ही खाटेची डोक्याकडची बाजू खाली केली, सलाईन सोडलं, एकच धावपळ.

शेजारून अण्णा ओरडले, “बाई, मरू नगा! आदी त्या पोरीचं सांगा!”

दोन मिनिटांनी बाईंचे ओठ हलले. “जगली ती.”

“आन तुमी?”

“बघू. अजून चार गोष्टी राहिल्यात.”

* * *

काळात मागं जाणाऱ्या माणसाची कथा मला आवडली नाही. तो मागं जाऊन स्वतःलाच सावध करतो. वाचून झाल्यावर अण्णा छताकडं बघत म्हणाले, “मी मागं गेलो असतो, तर बीपीची गोळी रोज घेतली असती, किडन्या वाचल्या असत्या.”



मग सुभेदार म्हणाले, “लायनीत ये गड्या. माजा नंबर आदी हाय.”

* * *

शेवटची कथा एका सैनिकाची. त्याचं यान इतक्या वेगात जातं की त्याची दोनच वर्षं सरतात, आणि इकडं घरी चाळीस. तो परत येऊन दारावर थाप मारतो. म्हातारी झालेली बायको दार उघडते.

बाईंनी पानात बोट घातलं. वर्गातली खोड! “आता ती काय म्हणेल? सांगा बरं.”

सुभेदारांचं तोंड भिंतीकडं. तेवढ्यात दार उघडलं आणि चपला बाहेर काढून काकू आत आल्या. नातेवाइकांना आत येऊ द्यायचं नसतं. मी अडवायला हवं होतं, पण अडवलं नाही.

“मी सांगती बाई. ह्यांची सुट्टी संपली की ह्ये निघायचं, आन मी ष्ट्यांडावर हुबी. यष्टी वळनाआड गेली की एकली घरला.”

“ती नोकरी हुती,” सुभेदार भिंतीशीच बोलले.

“व्हय. म्हनून गप बसली. ही न्हवं नोकरी.” काकूंनी पिशवीतून ऑपरेशनचा फॉर्म काढून त्यांच्या पोटावर ठेवला. “ह्या खेपंला मी बी संगं येनार. आत. शेजारच्या टेबलावर.”

सुभेदारांनी तोंड काकूंकडं फिरवलं.

“भ्या न्हाई वाटत?”

“वाटतंय की. तुमाला?”

“लय.”

बाईंनी पुस्तक मिटलं. सुभेदारांनी मला विचारलं, “पेन हाय का?”

त्यांचा उजवा हात मोकळा होता.