बरं झालेल्यांची वही

गंगाखेडपासून बरंच आत, उसाच्या पट्ट्यात आमचं सरकारी आरोग्य केंद्र होतं. नर्स म्हणून मी तिथं रुजू झाले त्या सकाळी ओट्यावर एक धडधाकट गडी बसला होता. कुठं दुखतंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "कुटं न्हाई. मामानं बलावलंय." आजारी माणसं दवाखान्यात येतात एवढं मला ठाऊक होतं. बरं झालेल्यांना बोलावून घेतात, हे तिथंच पाहिलं.

मामा म्हणजे मुंजाजीराव, आमचे ड्रेसर. जखमा धुणं आणि मलमपट्टी करणं एवढंच त्यांचं सरकारी काम, शिक्षण सातवीपर्यंत. पण ज्याला पट्टी बांधली त्याला महिन्यानं परत बोलवायचं, व्रण दाबून बघायचा, बोटं किती वळतात ते वहीत लिहायचं, हा त्यांचा नेम. जो आला नाही त्याच्या घरी सायकल काढून जायचे. डॉक्टर चेष्टा करत, मामा डॉक्टर व्हायच्या तयारीत आहेत म्हणून. मामा ओशाळत नसत. "आजारी माणूस भ्यालेलं असतंय, साहेब. बरं झाल्यावरच ते खरं सांगतंय."

साप चावला की वर दोरी करकचून बांधायची, हे पंचक्रोशीला मामांनीच शिकवलं होतं. त्यांनाही तसंच शिकवलेलं होतं. भर बाजारात स्वतःच्या दंडाला उपरणं आवळून दाखवायचे. त्यांच्या शब्दावर बाया फडात जाताना कमरेला सुतळी खोचून जात.

मग एकदा परभणीला प्रशिक्षण निघालं. आम्ही तरुण पोरी मागं बसून जांभया देत होतो आणि पन्नाशी उलटलेले मामा पहिल्या बाकावर. तिथले डॉक्टर म्हणाले, आता दोरी आवळू नका. रक्त अडून हातपाय कुजतात. चावलेला भाग हलू देऊ नका आणि लवकर दवाखाना गाठा. मामांनी, कधी नव्हे ते, काहीच लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि एका पानावर बोट ठेवून मला वाचायला लावलं. सरूबाई, मेंढपाळाच्या वस्तीवरची. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद होत्या तेव्हाची गोष्ट. तिच्या पावलाला साप चावला होता. मामांनी घोट्याच्या वर दोरी बांधली, बैलगाडीत तिच्याशेजारी बसले आणि गंगाखेड येईपर्यंत ती कुणाला सैल करू दिली नाही. सकाळी निघालेली गाडी पोचेस्तोवर दिवस कलला. पाय घोट्यापासून काढावा लागला. नवऱ्यानं मारलेला साप दुसऱ्या दिवशी आणून दाखवला, तोही मामांनी लिहिला होता: दिवड. म्हणजे बिनविषारी. लिहिलं होतं, पण दोन गोष्टी एकमेकींना कधी जोडल्या नव्हत्या.

सरूबाई मात्र जीव वाचवला म्हणून दर बाजाराला मामांना दुधाचा तांब्या आणून द्यायची. सांगितलं नसतं तर तिला जन्मात कळलं नसतं. मी तसं म्हणालेही. मामांनी सायकल काढली आणि मला साक्षीला नेलं.

ती लोकर पिंजत बसली होती. मामा अंगणात उभ्यानंच बोलले. "सरू, तुजा पाय सापानं न्हाई गेला. माज्या दोरीनं गेला." तिचा हात थांबला. लोकर बाजूला सारून ती म्हणाली, "मामा, घरला जावा." दुधाचा तांब्या त्या दिवसापासून बंद झाला.

पुढच्या बाजारी मामा नेहमीच्या जागी उभे राहिले आणि आपण चुकीचं शिकवलं म्हणून सांगू लागले. लोक हसले. काल बांधा म्हणत होता, आज बांधू नका म्हणता, उद्या काय, असं एकानं विचारलं आणि माणसं पांगू लागली. तेवढ्यात काठी टेकत सरूबाई पुढं आली. खाली बसून तिनं लुगडं सारलं आणि तुटका पाय सगळ्यांसमोर धरला. "ह्यानंच बांधली व्हती दोरी. म्हून आता ह्याचंच ऐका." मग कुणी हललं नाही. जाताना तिनं मामांकडं पाहिलं नाही. पण त्या सालातल्या एकूणएक बाजाराला ती आली. एवढी मोठी दोन माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच साली मामा गेले. चौदाव्या दिवशी सरूबाई केंद्रात आली आणि मामांच्या वहीत आपल्या नावापुढं काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मी वाचलं. दिवड, बिनविषारी. त्याखाली वेगळ्या शाईत: दोरी मी बांधली, पाय माझ्यामुळं गेला. गेलेल्या माणसाला बोल नको, ही ओळ खोडू का, असं मी विचारलं.

"खोडू नका, सिस्टर. येवढं खरं माज्याशी कुणी बोललं न्हाई."

मग बाकावर बसून तिनं पाय पुढं केला. "मामा दरसाली बघत व्हते," ती म्हणाली. "आता तुमी बघा."

मी पाय बघितला आणि वहीत लिहिलं.