घासूआत्याचं उटणं

माणूस भेटलं की लोक आधी तोंड बघतात. आमची घासूआत्या कोपर बघायची. ओळख असो नसो, ती समोरच्या बाईचा हात धरायची, उलटा करायची आणि कोपरावर अंगठा फिरवायची. "तोंडाचं काय, पावडर फासली की झालं. कोपर खोटं बोलत न्हाय," असं वर तोंड करून सांगायची. लग्नात स्टेजवर चढून नवरीचं कोपर बघितलेली बाई आहे ती. नवरीची आई नुसती बघत राहिली आणि माझी आई मांडवातून निघून जायची वाट शोधत होती.

घासूआत्या हे नाव मी ठेवलं. तिला ते कळलं तेव्हा ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ते माझ्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे आठ दिवस होते.

ती वडिलांची थोरली बहीण. माहेर मंगळवेढ्याचं. लग्न होऊन गेली आणि परत आली. वडील नोकरीसाठी सोलापुरात आले तेव्हा त्यांच्याबरोबर तीही आली. सासरहून परत का आली हे घरात कुणी बोलत नसे. मी जन्मले ती वडिलांचा रंग घेऊन, म्हणजे तिचाच. आईने मला पाळण्यात घातलं आणि हिने म्हणे त्याच दिवशी मसूरडाळ भिजत घातली. "रंग काय आईच्या पोटातनं आणायचा नसतो, मने. हातानं करायचा असतो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून कुणी माझ्यासमोर मसुरीची आमटी वाढली तर माझं डोकं फिरतं.

आता खरं ते सांगायला पाहिजे. उटणं करावं तर तिनेच. मसूर भिजवून सावलीत वाळवायची, मिक्सरमध्ये फिरवताना चार वेळा झाकण उघडून चिमटीत धरून बघायची. रव्यापेक्षा बारीक आणि पिठापेक्षा जाड, एवढंच तिचं माप. त्यात मंगळवेढ्याच्या ज्वारीचा कोंडा, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा आणि संत्र्याची वाळवलेली सालं. घरात संत्रं खाल्लं आणि साल कचऱ्यात टाकलं तर शिव्या बसायच्या. "फळ खाल्लंस, आता औषध फेकून दे, रांडे," असं प्रेमाने म्हणायची. सायीत कालवलं की घरभर असा वास सुटायचा की शेजारच्या बायका वाटी घेऊन दारात यायच्या. उन्हाळ्यात घामोळ्याने माझी पाठ पेटायची, तेव्हा ती कोंडा वगळून नुसती वाळ्याची पूड आणि चंदन लावायची, आणि इतक्या हलक्या हाताने की मला झोप लागायची. हलका हात होता तिला. फक्त रंगाची गोष्ट आली की तो हात राहायचा नाही.

आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. पाणी यायच्या दिवशी सगळी गल्ली बॅरल, घागरी, पातेली भरत असायची आणि आत्या मला घासत असायची. साठवणीच्या पाण्याने उटणं उतरवायचं नाही, रंग परत जातो, अशी तिची पक्की समजूत. हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. नळाची धार सुरू झाली की मला मोरीत बसवायची आणि गुडघे, मान, घोटे असे घासायची की वाटावं तव्याची काजळी काढतेय. मी रडले की, "घासल्याबिगर भांडं उजळत न्हाय, पोरगी कुटनं उजळंल?" वर कोऱ्या टॉवेलने पुसायची. टॉवेलच्या गावात राहून अंगाला मऊ टॉवेल लागला नाही माझ्या, लग्न होईपर्यंत.

मला पहिल्यांदा बघायला आले ते टेंभुर्णीचे लोक. मुलगा शिकलेला, घर चांगलं, आणि फोटोवरून मीही त्याला आवडलेली. मलाही तो आवडला होता, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मे महिना होता आणि पाहुणे संध्याकाळी येणार होते. आत्याला वाटलं, आज नेहमीचं उटणं पुरणार नाही. तिने साय काढून टाकली आणि सहा लिंबं पिळली. तोंडाला, गळ्याला, हातांना थापलं आणि मला गच्चीवर उन्हात बसवलं. "वाळू दे. उन्हात वाळलं की रंग धरतो."

नळ दहाला यायचा तो साडेबाराला आला. अडीच तास! माझं तोंड चुरचुरायला लागलं, मग भाजायला लागलं. मी म्हटलं, "आत्या, बॅरलमधलं पाणी दे, मला धुवायचंय." ती जिन्यात आडवी बसली. "शिळ्या पाण्यानं? येडी झालीस का? सगळं वाया जाईल की." आई खालून ओरडत होती, पण आत्याला ओलांडून वर यायची तिची हिंमत नव्हती. आणि मी, बावीस वर्षांची घोडी, बसून राहिले. त्याचा राग मला तिच्याइतकाच स्वतःचाही येतो.

संध्याकाळी माझं तोंड सुजलेलं, लाल. दोन दिवसांनी गालावर आणि कपाळावर काळेकुट्ट डाग उठले. चामडीच्या डॉक्टरांनी विचारलं, "लिंबू लावून उन्हात बसा, हे कुणी सांगितलं?" आत्या शेजारीच बसली होती. ती पंख्याकडे बघत राहिली. टेंभुर्णीहून निरोप आला तो यायचा तोच. आणि आत्या काय म्हणाली? "लिंबंच खराब हुती." बास. माफी नाही, काही नाही.

डाग जायला दीड वर्ष लागलं. पुढे ज्यांच्याशी लग्न झालं ते बघायला आले तेव्हा डाग अर्धे होते. त्यांनी विचारलं, "उन्हात फार फिरता का?" मी म्हटलं, "बसवलं होतं." ते हसले. त्या हसण्यावर मी होकार दिला.

माझी स्वरा माझ्यावर गेली. ती सहा वर्षांची असताना आई-वडील तीर्थाला गेले, म्हणून आत्या पंधरा दिवस आमच्याकडे राहिली. मी बजावून ठेवलं होतं, पोरीला हात लावायचा नाही. एक दिवस कामावरून लवकर आले तर बाथरूममधून रडणं ऐकू आलं. स्वरा स्टुलावर बसलेली, गुडघे लाल, आणि आत्या पंच्याहत्तराव्या वर्षी उकिडवी बसून घासतेय.

मी तिच्या हातातली वाटी भिंतीवर मारली. "माझं तोंड जाळलंस, आता हिचं जाळतेस? ऊठ. पिशवी भर. आत्ताच्या आत्ता." स्वरा दारात उभी राहून ऐकत होती.

आत्या भिंतीला धरून उठली. "मला नवऱ्यानं पंधराव्या दिशी माघारी धाडलं. काळी म्हून. तुला कुणी धाडू नये म्हून घासत हुते मी. वैरीण न्हवते तुजी."

मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू? मी रिक्षा बोलावली, तिला मंगळवेढ्याच्या एसटीत बसवलं. तिथे तिचा चुलतभाऊ होता. गेल्या वर्षी ती तिथेच वारली. मी गेले नाही. सुट्टी मिळाली नाही असं सांगितलं. मिळाली असती.

या डिसेंबरात स्वराच्या शाळेचं गॅदरिंग होतं. तिला परी व्हायचं होतं. बाईंनी तिला झाड केलं. घरी येऊन म्हणाली, "पऱ्या सगळ्या गोऱ्या घेतल्या." मी पेटले. म्हटलं, उद्या शाळेत जाते आणि त्या बाईला चांगली फैलावर घेते.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रविवारी मी स्वराला बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं. आत्याचं माप मला पाठच होतं, चिमटीत धरून बघावंही लागलं नाही. मी तिला सांगत होते, "थोडंसंच लावते हं, फ्रेश वाटतं." मान झाली, हात झाले, मी गुडघ्यांवर आले आणि जरा जोर दिला.

स्वरा रडली नाही. माझ्या हाताकडे बघत शांतपणे म्हणाली, "आई, मग आत्याआजीला का हाकललंस?"