मारुतीची खुर्ची

आजारी नवऱ्याला पोथी वाचून दाखवणारी बाई म्हणजे भक्तीने ओथंबलेली असणार, असं कुणी समजू नये. माझ्या हातात पोथी होती आणि मनात नुसती शंका. आमच्या ह्यांना पक्षाघात झाला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, डावा हातही मांडीवर नुसता पडून. इथल्या, कार्डिफच्या हॉस्पिटलमधली डॉक्टर म्हणाली, "त्यांच्याशी बोलत राहा, कदाचित त्यांना कळत असेल." त्या 'कदाचित'ने माझी झोप खाल्ली. जन्मभर ज्याच्याशी भांडले तो माणूस आत आहे की नाही, एवढंच मला हवं होतं. बोलायचे विषय आठवड्यात संपले. भांडायला तर समोरून उत्तर लागतं! मग ट्रंकेतून सासूबाईंची रामकथेची पोथी काढली.

सासूबाईंचा एक नेम होता. रामकथा चालते तिथे मारुती ऐकायला येतो, म्हणून वाचताना त्या समोर एक पाट रिकामा मांडायच्या आणि दार किलकिलं ठेवायच्या. मी तेव्हा नवी सून, बी.ए.ची पदवी पदराला बांधून मिरवणारी. "एवढा समुद्र उडून गेला, त्याला लांबून ऐकू येत नाही का?" असं विचारून मी त्या पाटावर खुशाल पापड वाळत घातले होते. त्या शहाणीला आज गाठलं असतं, तर पापडांसकट उन्हात बसवलं असतं. सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, घरात एक तरी जागा आपली नसलेली असू दे." आमचे हे म्हणजे आईच्या अगदी उलट. पक्के इंजिनिअर, देवापुढे हात म्हणून जोडायचे नाहीत. आरतीच्या वेळी ते हात ठरल्याप्रमाणे खिशात.

तर इथे पाट कुठला? वेताची खुर्ची मांडली, तिच्यावर उशी ठेवली, फ्रंट डोअर किलकिलं केलं आणि रोज दुपारी वाचायला बसू लागले. तरुणपणी मी हीच कथा चुका काढायला वाचली होती. आता मात्र वेगळ्याच ठिकाणी अडखळत होते. परक्या बागेत, अशोकाखाली ती एकटी बसली आहे, कुणी येईल ही आशा सुटलेली. तेव्हा पानांआडून कुणीतरी आधी तिची गोष्ट सांगू लागतं, मग समोर येतं. समुद्र ओलांडून आलेली बाई हे पान पुन्हा पुन्हा वाचते. आणि वाचता वाचता मी थांबले की वेताची खुर्ची कुरकुरायची. पुढे काय, असं विचारल्यासारखी.

वेत थंडीत कुरकुरतोच, मी मनाला सांगितलं. पण सकाळी फुगवून ठेवलेली उशी संध्याकाळी मधोमध दबलेली असायची. आणि ह्यांची नजर! ती माझ्याकडे नसायचीच. खुर्चीकडे असायची. तीही उशीवर नाही, बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे येईल तिथे. चार वाजता अंधारून यायचं आणि मी दिवा लावायला उठताना त्या खुर्चीला वळसा घालून जायचे. का, ते विचारू नका.

ब्रिस्टलहून मुलगा समीर आला आणि दार बघून भडकला. "आई, फ्रंट डोअर उघडं टाकून बसतेस? सगळं हीटिंग बाहेर जातंय. आणि सेफ तरी आहे का हे?"

"येणाऱ्याला डोअरबेल वाजवायची सवय नाही रे."

"आई, प्लीज!"

दुसऱ्या दिवशी समुद्राकडून बोचरा वारा सुटला होता. म्हटलं, लेकाचं ऐकावं एकदा. दार लोटलं, लॅच खट्कन बसल्याचं ऐकलं. आमचं दार एकदा बंद झालं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. हीटिंगच्या बॉयलरमधून विषारी वायू सुटला तर वाजणारा अलार्म होता म्हणा घरात, पण त्याची बॅटरी मीच काढून टीव्हीच्या रिमोटला घातली होती. वाचताना मेला मध्येच चिवचिवायचा.

वाचायला लागले आणि अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागली. डोकं शिशाचं झालं. वय झालं, दुसरं काय, असं वाटलं. जीभ जड होऊन वाचन थांबलं. खुर्ची कुरकुरली. नेहमीसारखी नव्हे, लांब, कुणी जड माणूस बसलेला उठावा तशी. मग मला काही आठवत नाही. आठवतो तो चेहऱ्यावर आलेला गार वारा.

डोळे उघडले तेव्हा शेजारची मेगन माझ्या गालावर चापट्या मारत होती. ती कुत्र्याला फिरवून परतत होती. आमचं दार सताड उघडं दिसलं आणि कुत्रा तिला ओढतच आत घेऊन आला. बॉयलर बिघडून घरभर विषारी वायू साठला होता. अग्निशमनवाले म्हणाले, दार बंद असतं तर आम्ही दोघंही उठलो नसतो. एरवी माझ्या चपला पळवणारा तो कुत्रा मात्र रिकाम्या खुर्चीसमोर शहाण्यासारखा बसून वर बघत शेपटी हलवत होता. मेगनने हाक मारली तरी हलेना. "असा तो फक्त माझ्या वडिलांसमोर बसायचा," ती हळूच म्हणाली आणि तिने कोटाची बटणं लावून घेतली.

समीर म्हणाला, "लॅच नीट लागलं नसेल, आई." मी म्हटलं, "नसेल." लेकाचा चेहरा पांढरा पडला होता, त्याच्याशी कसला वाद घालायचा?

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पुन्हा खुर्ची मांडली. पोथी उघडायच्या आधी ह्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "अहो, तुमचं तोंड दाराकडे होतं. दार कुणी उघडलं?"

त्यांचा डावा हात मांडीवरून निघाला. थांबत थांबत छातीपर्यंत आला. जोडायला दुसरा हात नव्हता, म्हणून तो एकटाच कपाळाला लागला. खुर्चीकडे बघून.

आत माणूस आहे की नाही, हे मला कळलं. खुर्चीत कोण होतं, ते मी विचारायचं सोडून दिलं. आपण वाचायचं, एक जागा रिकामी ठेवायची. ती भरणं आपलं काम नव्हे. अलार्ममध्ये आता नवी बॅटरी आहे. मारुतीला तरी किती कामाला लावायचं! आणि वाचायला बसण्याआधी मी उठून दार किलकिलं करते. विसरलेच, तर हे डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवतात.