काव्हा पाण्यातला, तपासणी दारूतली

लेइसालेमावशी थकली होती. थकणार नाही तर काय करील बिचारी! जिनिव्हात व्हानुआतूचं, म्हणजे पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांच्या देशाचं, व्यापार कार्यालय म्हणजे दोन खोल्या, देशाचा एक प्रतिनिधी आणि ही. शिकली रसायनशास्त्र, पण उभा जन्म गेला दुसऱ्यांना शिकवण्यात. नवा प्रतिनिधी यायचा. जंतू कशाला म्हणतात, बियाण्यात बदल कसा करतात, प्रयोगशाळेचा आकडा कुठे फसवतो, हे सगळं त्याच्याकडून घोटून घ्यायचं आणि डोक्यात जरा उजेड पडला की त्याची बदली! व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या सभेत समोर बड्या देशांची माणसं, एकेकाच्या पाठीशी शास्त्रज्ञांची फौज. इकडे मावशीचं पुन्हा ग म भ न.

या खेपेला आला तारी. आधीचे सगळे पोर्ट व्हिलाचे, शहरातले, तोंडाळ. हा पेंटेकोस्ट बेटावरच्या खेड्यातला. बोलायचा कमी, ऐकायचा फार. मावशीने ठरवलं, हा शेवटचा. याला तयार करायचं आणि गाशा गुंडाळून घरी जायचं.

या वेळचं भांडण काव्ह्यावरून होतं. काव्हा म्हणजे तिकडच्या एका झुडपाचं मूळ. संध्याकाळी ते कुटून पाण्यात कालवायचं आणि करवंटीने प्यायचं, एवढीच काय ती चैन. पण तारीच्या बापाची आणि अख्ख्या गावाची चूल त्या मुळांच्या विक्रीवरच पेटायची. बड्या देशांनी नवा नियम आणला होता. बाहेरून येणारा काव्हा यकृताला बाधतो का ते तपासायचं, आणि तेही अल्कोहोलात उतरवून. हे कलम मंजूर झालं तर गावाची मुळं बंदरावर कुजणार होती.

"पण मावशी, आपण कुठे दारूत घालून पितो?"

"तेच तर! अल्कोहोल मुळातलं नको नको ते ओढून काढतं. पाण्यात ते फारसं उतरत नाही. चहाची पत्ती रॉकेलात भिजवून कोणी म्हणालं, चहा वाईट, तर काय म्हणशील त्याला?"

"गाढव."

"सभेत तेवढं म्हणू नकोस, म्हणजे मिळवली!"

तारी हसला. मग त्याने सगळं न अडखळता म्हणून दाखवलं. असा शिष्य मावशीला आजवर मिळाला नव्हता.

एका देशाने हरकत घेतली तरी कलम अडायचं, पण सभेत बोलायचा हक्क तारीचा. मावशी त्याच्या पाठीमागे, बिनमाइकच्या खुर्चीत. अध्यक्षांनी कलम वाचलं आणि विचारलं, "कोणाची हरकत?"

तारीने दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवले, मान खाली घातली आणि तो गप्प बसला.

त्याच्या गावच्या बैठकीत प्रमुखाला तोंडावर 'नाही' कोणी म्हणत नाही. असं बसतात. मग प्रमुख समजतो आणि विषय मागे घेतो. याहून कडक नकार त्यांच्याकडे नाही. मावशीला तो पाठीमागूनही लख्ख दिसला आणि तिचा ऊर भरून आला. इतकी वर्षं या शहरात काढली, पण आपण कुठे बसलोय तेच बाई घटकाभर विसरली!

"हरकत नाही. मंजूर," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी हातोडी आपटली.

"अहो, थांबा!" मावशी ताडकन उठली. पण माइकशिवाय तिला विचारतो कोण? पुढचं कलम सुरू झालं होतं.

बाहेर आल्यावर तारीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मावशी, मी नाही म्हटलं होतं गं. त्यांना दिसलं नाही?"

"इथे गप्प बसलं की त्याचा अर्थ हो होतो रे बाळा."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

काय सांगणार कपाळ! यकृत शिकवलं, अल्कोहोल शिकवलं. आधीच्या तोंडाळांना बोला म्हणून कधी सांगावंच लागलं नव्हतं. मावशी बाकावर बसली. आता घरी कुठली जाते ती!

तेवढ्यात तारीच्या बापाचा फोन आला. त्याचा आवाज एवढा खणखणीत, की मावशीलाही ऐकू येत होता.

"झाली का रे सभा? काय केलंस?"

"गप्प बसलो, बाबा."

"शाब्बास रे पठ्ठ्या! पंजे पालथे?"

"हो."

"मान खाली?"

"हो."

"मग काय! घेतलं ना त्यांनी मागे?"

तारी काहीच बोलला नाही.

"बरं," बाप हळूच म्हणाला. "समजलं. जेवलास का तू?"